ओरुमचं शेवटचं पान

१

काचेमागे कोरा कागद होता.

एर्सिलिया झानोत्तीने चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा लावला. कागद कोराच. भिंतीवर ओळीने चाळीस चौकटी टांगलेल्या होत्या आणि एकोणचाळीस चौकटींत ओरुम धावत होता. कातडं पांघरलेला, केसांच्या जटा झालेला, हातात पेटतं शिंग धरलेला. कुठे गुहेतल्या अस्वलापुढे उभा, कुठे नेच्यांच्या राक्षसी पानांतून वाट काढणारा. चाळिसाव्या चौकटीत मात्र काहीच नव्हतं, आणि एर्सिलिया मिलानहून पहाटेची गाडी पकडून आली होती ती नेमकी तीच चौकट बघायला.

"सकाळी नऊला पडदा बाजूला केला तेव्हा हे असं," फाउस्ता म्हणाली. फाउस्ता या गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. प्रदर्शन तिनेच उभं केलं होतं. तिचे डोळे रडून सुजले होते. "संध्याकाळी पाचला उद्घाटन आहे. पत्रकार येणार. आणि मी काय दाखवू? हे?"

ओरुमची चित्रकथा १९४७ साली सुरू झाली आणि १९५६ साली अचानक थांबली. प्रकाशकाने गाशा गुंडाळला. शेवटच्या छापील अंकात ओरुम टोळीचा अग्नी घेऊन बर्फाच्या भेगेत कोसळतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'पुढील अंकात'. तो पुढचा अंक आलाच नाही. चित्रकार तुलिओ बोरसारी पुढे पाच वर्षांनी वारला. त्या गोष्टीलाही आता तेरा वर्षं झाली होती. मग या वसंतात तुलिओच्या बायकोच्या, नीवेसच्या, कपाटात फाउस्ताला एक पान सापडलं. ओरुम भेगेतून बाहेर येतो. समोर ऊबदार जंगल. शिंगातला अग्नी जिवंत.

एर्सिलियाने चौकट उलटी केली. मागची चिकटपट्टी नीट सोडवून, पुन्हा ओली करून चिकटवली होती. बारीक खिळे एकेक उपटून त्याच भोकांत परत दाबले होते. काचेवर ओरखडा नव्हता. आतला कोरा कागद जाडसर, लोकरीसारखा होता.

"चोर फार प्रेमळ दिसतो," ती पुटपुटली.

"सान्तेचं, आमच्या रखवालदाराचं काम असणार. किल्ली त्याच्याकडेच असते. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, संध्याकाळपर्यंत पान मिळालं नाही तर पोलिसांत द्यायचं आणि त्याला खोली रिकामी करायला सांगायची." फाउस्ताने पिशवीतून एक मोठा फोटो काढला. "हा पानाचा फोटो. वर्तमानपत्रासाठी काढला होता. तुम्हाला कशाला दाखवायला हवा म्हणा. फुग्यांमधली अक्षरं तुम्हीच तर लिहिलीत. आठवतंय ना?"

नऊ वर्षं ओरुमच्या तोंडचा प्रत्येक शब्द एर्सिलियाने लिहिला होता. तुलिओ चित्र काढायचा आणि ती बोलण्याचे फुगे भरायची. एकही पान तिच्या हाताखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसे.

तिने फोटोकडे पाहिलं. अक्षरं तिचीच होती.

आणि हे पान तिने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

२

बाहेर धुकं इतकं दाट होतं की पो नदी कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. पॉप्लर झाडांच्या रांगा पाण्यातून उगवल्यासारख्या उभ्या होत्या. वाचनालयाच्या मागच्या खोलीत सान्ते पलंगावर बसून कपडे बांधत होता. पन्नाशी उलटलेला, रुंद खांद्यांचा माणूस. पूर्वी वाळूच्या होड्यांवर होता.

"कुणी जा म्हणायच्या आधीच निघालात?" एर्सिलियाने विचारलं.

"म्हणायला वेळ लागेल का त्यांना? या सिन्योरा, बसा. खुर्ची एकच आहे, पण तिचा पाय धड आहे."

"काल कोण कोण आलं होतं?"

"चार वाजता सगळे इथेच होते, सिन्योरा नीवेससुद्धा. फाउस्ताबाईंनी केक आणला होता. तेव्हाच त्या म्हणाल्या, उद्या मिलानहून सिन्योरा एर्सिलिया येणार, पान बघायला. डॉक्टरसाहेबांनी तर टाळी वाजवली. डॉक्टर गालेओत्ती, दातांचे. त्यांना ओरुमचं वेड आहे."

"आणि नंतर?"

सान्तेने शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "डॉक्टर पावणेसहाला आले, माहितीपत्रकाचा मजकूर ठेवायला. दहा मिनिटं होते. सहाला सिन्योरा नीवेस आल्या. चर्चमधून परतताना येतात कधी कधी. माएस्त्रोंच्या, म्हणजे तुलिओसाहेबांच्या, चित्रांजवळ बसतात. मी त्यांना एकटं सोडतो. सातला कुलूप लावलं."

"त्या गेल्या तेव्हा तुम्ही पाहिलंत त्यांना?"

"धुकं होतं."

"हॉलमध्ये धुकं होतं?"

सान्ते हसला नाही. खिडकीबाहेर बघत राहिला. "सिन्योरा, मी तिसाव्या वर्षापर्यंत निरक्षर होतो. होडीवर एकाने ओरुमचा अंक टाकून दिला होता. तो घेऊन मी अक्षरं लावत बसायचो. ओ. रु. म. तुमची अक्षरं स्वच्छ असायची, एकमेकांत घुसायची नाहीत. माझी शाळा तेवढीच." त्याने गाठोड्याला गाठ मारली. "मला खोली कुठेही मिळेल. तुम्ही माझ्यासाठी फार खोदू नका."

एर्सिलिया उठली. किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याने चोरी केलीय असं तिला वाटेना. पण काहीतरी त्याने पाहिलं होतं, आणि ते तो पोलिसांपुढेही बोलणार नव्हता.

३

डॉक्टर गालेओत्तींच्या दवाखान्यात दात दुखणाऱ्यांच्या डोक्यांवर मॅमथ धावत होते. चारही भिंती ओरुमच्या चित्रांनी भरल्या होत्या.

"खरी नाहीत, सगळ्या नकला!" पांढऱ्या कोटातला, पस्तिशीतला गोल चेहऱ्याचा डॉक्टर अभिमानाने म्हणाला. "मी स्वतः केल्यात. सात वर्षं, दर रविवारी. बायको म्हणते, माझ्यापेक्षा त्या रानटी माणसाबरोबर जास्त राहतोस. काय बोलणार? खरंच आहे ते."

"शेवटचं पान तुम्हाला विकत हवं होतं म्हणे."

"हवं होतंच! सिन्योरा नीवेसनी दार लावून घेतलं तोंडावर. मी म्हटलं, निदान माएस्त्रोंच्या वेळचा एखादा कोरा कागद तरी द्या, तो जाडसर, लोकरीसारखा. कारखाना केव्हाच बंद पडला, कुठेच मिळत नाही. तोही नाही दिला! म्हणून हे बघा, या गुळगुळीत कागदावर भागवतो. शाई पसरते, जीव जातो." तो एकदम थांबला. "तुम्हाला वाटतं मी चोरलं?"

"तुम्ही चोरलं असतं तर इथेच टांगलं असतं. तुम्हाला राहवलं नसतं."

डॉक्टर लाल झाला. मग मोठ्याने हसला. "हे मात्र खरं."

"तुमचं ते दात बघायचं भिंग द्याल जरा?"

खुर्चीवरचा मोठा दिवा फोटोवर ओढून एर्सिलियाने भिंग धरलं. ती मनातून घाबरलेली होती, हे डॉक्टरला सांगण्यासारखं नव्हतं. एकसष्टावं सरलं होतं. तिची आई याच वयात घराचा रस्ता विसरायला लागली होती. आपणच लिहिलेलं पान आपल्याला आठवू नये, ही त्याची सुरुवात तर नव्हे?

एकेक अक्षर भिंगाखालून सरकलं. ओरुमच्या नावातल्या आर या अक्षरापाशी ती थबकली. त्या अक्षराच्या उजव्या पायाला एक बारीकसा आकडा होता, माशाच्या गळासारखा. पुढच्या फुग्यातही तोच. त्यापुढच्यातही.

चौपन्नच्या हिवाळ्यात तिचा टाक फरशीवर पडला होता आणि निबेचं टोक वाकलं होतं. नवी निब यायला तीन महिने लागले, तोवर तिने त्याच निबेने अंक काढले. त्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक आरला गळ होता. ईस्टरला नवी निब आली तेव्हा जुनी तिने पुलावरून नदीत फेकली होती. निब पाण्यात पडली तेव्हाचा तो टुपकन आवाज आजही तिच्या कानांत होता.

शेवटचं पान छप्पनचं. म्हणजे ही अक्षरं तिने लिहिलेली नव्हती. कुणीतरी चौपन्नच्या अंकातून ती गिरवली होती.

तिने भिंग खाली ठेवलं. डोकं ठिकाणावर होतं तर. तिला इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले.

"पाणी देऊ का?" डॉक्टरने विचारलं.

"नको." एर्सिलिया आता भिंतीवरच्या नकला बघत होती. फोटो एका हातात, नजर भिंतीवर. फोटो, भिंत, पुन्हा फोटो. "डॉक्टर, तुमच्या जंगलात काहीतरी चुकलंय."

"मला माहीत आहे," तो हिरमुसून म्हणाला. "माणसं जमतात, जनावरं जमतात. जंगलच जमत नाही. का जमत नाही ते सात वर्षांत कळलं नाही."

एर्सिलियाला ते त्या क्षणी कळलं.

४

नीवेसच्या घराची वाट बांधावरून जात होती. एका बाजूला नदी, एका बाजूला पॉप्लरची राई, आणि खाली कमरेएवढे नेचे. धुक्यात झाडांचे शेंडे दिसत नव्हते, त्यामुळे ती कितीही उंच असतील असं वाटत होतं. एर्सिलिया सावकाश चालली होती. तिला वाटलं, आता या नेच्यांतून एखादं मोठं, केसाळ, दमलेलं जनावर डोकं वर काढील, आपल्याकडे बघील आणि पुन्हा चरायला लागेल. तिला त्याची मुळीच भीती वाटली नसती. ही जागा तिने पाहिली होती. नऊ वर्षं, रोज, टेबलावर. ओरुमचं जंगल कुठल्या पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते इथलं होतं.

आणि तुलिओ तर डोंगराकडचा. नदीचा त्याला तिटकारा. ओल बाधते म्हणून बांधावर पाऊल टाकत नसे.

तिला प्रकाशकाची ती कचेरी आठवली. तुलिओ तिच्यासमोर बसून माणसं काढायचा, हरणं काढायचा, भाल्यांची टोकं काढायचा. पण एक पान काढताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. झाडाचं पान. अर्धवट चित्रं तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी आणायचा तेव्हा त्यांच्यामागे अख्खं जंगल उगवलेलं असायचं. "जंगलाला शांतता लागते," म्हणायचा. आणि तिने कधी विचारलं नाही. एकदाही नाही.

नीवेसने दार उघडलं. सहासष्ट वर्षांची, काटकुळी, राखाडी केसांची वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली.

"मिलानवाली! किती वाळलीस गं. तिकडे जेवायला घालत नाहीत का?"

"तूच मोठी धष्टपुष्ट लागून गेलीस."

"बस. भोपळ्याचं सारण भरलेल्या तोर्तेल्ली केल्यात. आधी कॉफी घे."

नीवेसने कॉफी ओतली. डाव्या हाताने. मग डाव्या हाताने साखर ढवळली आणि कप पुढे सरकवला.

एर्सिलियाने कपाला हात लावला नाही. "नीवेस, सान्तेने गाठोडं बांधलंय," ती म्हणाली.

५

नीवेसने चमचा बशीत ठेवला.

"त्याचा काय संबंध?" नीवेस म्हणाली. "खोटं आहे ते. तो कशाला चोरेल?"

"त्याने चोरलं नाही. पण त्याने तुला जाताना पाहिलं असणार, कोटाखाली काहीतरी ताठ धरलेलं. आणि तो गप्प राहणार आहे. संध्याकाळी त्याला पोलिसांत देतील."

नीवेस खाली बसली.

"ऐक," एर्सिलिया हळू आवाजात म्हणाली. "पान दहा दिवस भिंतीवर होतं, कुणी हात लावला नाही. मी येणार कळलं आणि दोन तासांत ते गेलं. म्हणजे ज्याने नेलं त्याला ते पान नको होतं. मी ते बघायला नको होतं. मी बघितल्याने काय होणार होतं? अक्षरं माझी नाहीत एवढंच मला कळलं असतं. ती चौपन्नच्या अंकातून गिरवलीत, वाकड्या निबेचा आकडाही तसाच आलाय. चौकटीत कोरा कागद ठेवला तो आपल्या कचेरीतल्या जुन्या गठ्ठ्यातला. तो गठ्ठा तुलिओने घरी आणला होता. गावात दुसऱ्या कुणाकडे तो कागद नाही. डॉक्टर त्यासाठी तुझ्या दारात भीक मागून गेला."

"तो डॉक्टर!" नीवेस चिडून म्हणाली. "माझ्या नेच्यांची वाट लावतो मेला."

'माझ्या' हा शब्द टेबलावर पडून राहिला.

"उजव्या हाताच्या माणसाची तिरकी रेघ खालून डावीकडून वर उजवीकडे चढते," एर्सिलिया म्हणाली. "डॉक्टरचं जंगल तसंच झुकलंय, म्हणून ते चुकलेलं वाटतं. तुलिओची माणसंही तशीच. पण ओरुमच्या जंगलात प्रत्येक सावली उलटी झुकते. पहिल्या अंकापासून. ते डावखुऱ्या हाताचं जंगल आहे, नीवेस. मी नऊ वर्षं त्याच्यावर अक्षरं लिहिली आणि मला दिसलं नाही."

नीवेसने दोन्ही हात मांडीवर ठेवले, उजव्याने डाव्याला झाकल्यासारखे.

"तुलिओला झाडं यायची नाहीत," ती म्हणाली. "पहिल्या अंकाच्या वेळी अक्षरशः रडला होता. मी म्हटलं, आण इकडे. मी वाळूवाल्याची पोर, राईतच वाढले. गंमत म्हणून काढलं. मग पुढचा अंक. मग त्याच्या पुढचा. तो म्हणायचा, प्रकाशकाला सांगतो. मीच म्हटलं, नको, तुला कमी लेखतील. नंतर सांगायची वेळच निघून गेली."

"आणि शेवटचं पान?"

"तो गेला त्या हिवाळ्यात काढलं. एकटीने. झोप लागायची नाही. मुलांची पत्रं अजून यायची गं, पाच वर्षांनंतरही. ओरुम मेला का, ओरुम बाहेर आला का. मी म्हटलं, येऊ दे त्याला बाहेर. मला कुणाला फसवायचं नव्हतं. माझ्यापुरतं होतं ते, कपाटात ठेवलेलं. फाउस्ता टेबलक्लॉथ शोधायला कपाट उघडते काय आणि आनंदाने किंचाळते काय! 'माएस्त्रोंचं पान!' तिचा तो चेहरा बघून मला खरं सांगवेना. आणि मग ते भिंतीवर लागलं, पत्रकार येणार म्हणाले, आणि फाउस्ता म्हणाली, तू येणार." तिने डोळे पुसले. "तू सगळ्यांसमोर म्हणाली असतीस, हे खोटं आहे. मग लोक म्हणाले असते, बाकीचंही खोटंच असेल. तुलिओच खोटा. मला ते ऐकवलं नसतं. काढून आणलं. ती चौकट रिकामीही बघवेना, म्हणून कागद ठेवला."

"कुठे आहे?"

नीवेस उठली आणि आतल्या खोलीत गेली. पान गादीखाली नव्हतं, कपाटात नव्हतं. ते तिने पलंगासमोर भिंतीला टेकवून ठेवलं होतं, उशीवरून दिसेल असं. एर्सिलिया त्याच्यासमोर उभी राहिली. फोटोत अर्धंही आलं नव्हतं. ओरुमचा चेहरा थोडा अडखळता होता, तुलिओची सफाई त्यात नव्हती. पण त्याच्याभोवतीचं रान श्वास घेत होतं. पानांवर दव होतं, आणि शाईच्या काळ्या रेघांतून ते कसं काय चमकत होतं ते सांगता येत नव्हतं.

"हे सगळ्यात चांगलं आहे," एर्सिलिया म्हणाली. "चाळीसांमधलं सगळ्यात चांगलं. तुलिओची माणसं खरी आणि तुझं जंगल खरं. खोटं असेल तर चौकटीखालचं तुलिओचं नाव, आणि तेही अर्धंच."

"मी लोकांसमोर बोलायचं? या वयात?"

"मग सान्तेने बोलायचं? तो तर बोलणारच नाही."

नीवेसने पानाकडे पाहिलं. मग वेणी चाचपली. "तोर्तेल्ली खाऊन निघू," ती म्हणाली. "उपाशीपोटी माझ्याच्याने होणार नाही."

६

पाच वाजता वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. चाळिशीकडे झुकलेली माणसं भिंतीपाशी उभी राहून आपापल्या लहानपणचे अंक बोटाने दाखवत होती. चाळिसाव्या चौकटीत पान परत आलं होतं. ते सान्तेनेच टांगलं होतं. नीवेसने त्याच्याजवळ जाऊन काहीतरी म्हटलं आणि त्या मोठ्या माणसाने मान खाली घालून नुसतं हो-हो केलं.

नीवेस फार बोलली नाही. पान तिने काढलंय, अक्षरं तिने गिरवलीत, आणि काल ते तिनेच नेलं होतं. सान्तेने काही केलेलं नाही. सगळ्या अंकांतली माणसं तुलिओची आणि झाडं तिची. एवढं सांगून ती थांबली.

फाउस्ताने तोंडावर हात धरला होता. मग मागून डॉक्टर गालेओत्ती गर्दी सारत पुढे आला. त्याचा चेहरा बघून एर्सिलिया नीवेसच्या जवळ सरकली. या माणसाने उभं आयुष्य माएस्त्रोंची पूजा केली होती.

"म्हणजे सात वर्षं," डॉक्टर म्हणाला, "मी चुकीच्या हाताने जंगल काढत होतो?"

कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळा हॉल हसला. डॉक्टरने नीवेसचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो सोडायलाच तयार नव्हता.

"फाउस्ता, माझा हात परत द्यायला सांग याला," नीवेस म्हणाली. पण ती हसत होती.

फाउस्ता डोळे पुसून पुढे आली. "सही हवी," ती म्हणाली. "पानावर सही हवी. नाहीतर पुन्हा कुणीतरी भलतंच नाव लावेल."

चौकट उतरवली. सान्तेने टेबल ओढून दिव्याखाली आणलं. नीवेस खुर्चीवर बसली आणि टाक हातात घेऊन तशीच राहिली.

"मी कधी केली नाही," ती एर्सिलियाच्या कानात म्हणाली. "चित्रावर सही. कशी करतात?"

एर्सिलियाने पेन्सिल घेतली आणि पानाच्या कोपऱ्यात, नेच्याच्या मुळाशी, दोन बारीक समांतर रेघा ओढल्या. फुगे भरण्याआधी ओढायची तशाच. "या दोन्हींना टेकवून लिही. घाई करू नकोस. अक्षरांना मोकळं सोड."

नीवेसने नाव लिहिलं. पहिलं अक्षर जरा डगमगतं. मग ती थांबली.

"आडनाव कुठलं लिहू?"

"झाडं काढायला शिकलीस तेव्हा कुठलं होतं?"

नीवेसने वर पाहिलं. तिच्या तोंडावर एकदम बांधावर पळणाऱ्या पोरीसारखं काहीतरी आलं. "मारांगोनी," ती म्हणाली, आणि आपलं आवडतं गाणं खूप वर्षांनी कानावर पडावं तसं स्वतःशीच पुन्हा म्हणाली, "मारांगोनी."

मग ती वाकली आणि डाव्या हाताने लिहू लागली. लांब नाव होतं. वेळ लागला. सगळे उभे राहिले, आणि शाई वाळेपर्यंत कुणी हललं नाही.